नत्र मोजलं, पण प्रथिनं मोजली का? पशुखाद्याच्या कच्च्या मालाच्या सोप्या चाचण्या शिकताना

पशुखाद्याच्या कारखान्यात कच्चा माल उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझी सगळी भिस्त प्रयोगशाळेच्या अहवालावर होती. ओलावा, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, राख आणि आम्लात न विरघळणारी राख, असे सहा आकडे अहवालात यायचे. मापात बसले की माल चांगला, नाही बसले की तक्रार. अडचण अशी होती की अहवाल हाती येईपर्यंत पोती गोदामात लागलेली असायची, बरेचदा दळून मिश्रणात गेलेलीही. मग वाईट आकड्याचा उपयोग पुढच्या वेळी भांडायला, एवढाच.

अशात शेंगदाणा पेंडीची एक खेप आली. अहवालात प्रथिनं नेहमीपेक्षा दोन-अडीच टक्क्यांनी जास्त होती. मला आनंदच झाला. आमच्याकडे अधूनमधून सल्ला द्यायला एक जुने रसायनतज्ज्ञ येत, त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. त्यांनी अहवाल वाचला, पेंडीचा चुरा चिमटीत घेऊन निरखला आणि विचारलं, "नत्र मोजलंय यांनी. प्रथिनं कोणी मोजली?"

हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. अहवालातली 'प्रथिनं' मोजण्याची रीत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली बसवली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातल्या नत्राचा अमोनिया करून मोजायचा आणि येणाऱ्या नत्राला ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं. पद्धत भक्कम आहे, पण नत्र कुठून आलं हे ती विचारतच नाही. युरियात ४६ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं. त्याला ६.२५ ने गुणलं की २८७ येतात. म्हणजे शंभर किलो मालात एक किलो युरिया असला, तर तेवढी पेंड कमी झाली हे धरूनही अहवालातली प्रथिनं सुमारे अडीच टक्क्यांनी चढतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीव थोडा युरिया वापरू शकतात, पण तो मोजून-मापून दिलेला असला तरच. गुपचूप आलेला, पोत्यात एका जागी गोळा झालेला युरिया जनावराला अमोनियाची विषबाधा करू शकतो. कोंबड्यांना तर त्यातून प्रथिनं मिळतच नाहीत.

त्या दुपारी सरांनी मला पहिली चाचणी शिकवली. पेंड कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून गाळून घेतली. वर आलेलं पाणी दोन परीक्षानळ्यांत वाटलं आणि दोन्हींत फिनॉल रेड या दर्शकाचे थेंब टाकले. फिनॉल रेड सामू (pH) ६.८ च्या खाली पिवळा असतो, ८.२ च्या वर लाल होतो. दोन्ही नळ्यांतला रंग सौम्य आम्लाच्या थेंबाने सारखा पिवळसर करून घेतला. मग कच्च्या, न भाजलेल्या सोयाबीनचं पीठ पाण्यात कालवून गाळलं आणि तो अर्क एकाच नळीत टाकला. दुसरीत तेवढंच साधं डिस्टिल्ड वॉटर. दोन्ही नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या.

साध्या पाण्याची नळी पिवळीच राहिली. सोयाबीनच्या अर्काची नळी आधी नारिंगी झाली, मग गुलाबी, मग स्वच्छ लाल. नाकाशी धरली तर अमोनियाचा वास येत होता.

कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते युरियाचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड मोकळा करतं. अमोनियामुळे सामू चढतो आणि दर्शकाचा रंग बदलतो. विकराला युरियाच लागतो, पेंडीतल्या प्रथिनांना ते हात लावत नाही. त्यामुळे रंग आला की युरिया आहे हे कळतं. दुसरी नळी का ठेवायची हेही तेव्हाच उमगलं. ती पेंड मुळातच अल्कधर्मी असती, तर दोन्ही नळ्या लाल झाल्या असत्या आणि त्या लालीचा युरियाशी संबंध नसता. पुढे मी जितक्या चाचण्या शिकले त्या सगळ्यांत ही जोडीची नळी मला मुख्य नळीपेक्षा मोलाची वाटत आली आहे.

या विकराचा इतिहास मी नंतर आवडीने वाचला. जेम्स समनर यांनी १९२६ साली एका जातीच्या घेवड्यापासून युरिएजचे स्फटिक मिळवले. स्फटिकरूपात हाती आलेलं ते पहिलं विकर. विकरं ही प्रथिनंच असतात हे त्यातून दिसलं, पण लोकांना ते पटायला बरीच वर्षं गेली. समनर यांना १९४६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आज तेच विकर मी चमचाभर सोयाबीनच्या पिठातून काढून वापरते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

त्या खेपेनंतर मी गोदामाच्या दाराशी एक टेबल मांडून घेतलं. पांढरी चिनीमातीची थाळी, काही पेट्री डिश, परीक्षानळ्या, थेंबनळ्या, भिंग, चाळणी, डोळ्यांना लावायचा चष्मा, हातमोजे आणि बाटल्यांची एक रांग. प्रत्येक बाटलीवर द्रावणाचं नाव आणि ते कधी बनवलं ती तारीख. सरांची पहिली शिस्त आम्लाची होती: आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. दुसरी शिस्त पाण्याची. विहिरीचं किंवा नळाचं पाणी बहुधा थोडं अल्कधर्मी असतं. फिनॉल रेड त्यातच गुलाबी होतो आणि मग चाचणी पेंडीची न राहता पाण्याची होते. म्हणून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन टेबलाखाली कायम असतो.

टेबलावरची सगळ्यात जास्त वापरली जाणारी बाटली सोयापेंडीची. युरिया शोधताना आपण विकर घालतो आणि युरिया आहे का ते बघतो. सोयापेंडीत हेच उलट करायचं: युरिया आपण घालायचा आणि विकर शिल्लक आहे का ते बघायचं.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या विकराला, अडवणारे घटक असतात. ते पचनात अडथळा आणतात, विशेषतः कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या. ओल्या वाफेच्या उष्णतेने ते नष्ट होतात, म्हणून तेल काढल्यावर पेंड वाफेवर भाजतात. हे अडवणारे घटक थेट मोजणं किचकट आहे. पण युरिएजही जवळजवळ त्याच वेगाने उष्णतेने मरतं आणि ते बघणं सोपं आहे. युरिएज स्वतः कोंबडीला त्रास देतं म्हणून आपण ते शोधत नाही, ते फक्त भाजणीचा साक्षीदार आहे.

द्रावण असं करते. ०.१४ ग्रॅम फिनॉल रेड ७ मिलि ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) सोडियम हायड्रॉक्साइड आणि ३५ मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायचं. २१ ग्रॅम युरिया ३०० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेगळा विरघळवायचा. दोन्ही एकत्र करून सौम्य गंधकाम्लाचे थेंब टाकत रंग मधासारखा पिवळसर-तांबूस होईपर्यंत आणायचा. शेवटचे थेंब अगदी सावकाश, कारण लाल ते पिवळा हा पल्ला पटकन संपतो. बाटली गडद काचेची आणि थंड जागी ठेवायची. ठेवून ठेवून द्रावण लालसर होत जातं, तेव्हा वापरण्याआधी थेंबभर आम्लाने रंग पुन्हा जागेवर आणते.

पेट्री डिशमध्ये पेंडीचा पातळ थर पसरायचा, तो भिजेल इतकं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. मग लाल ठिपके उमटतात. सुमारे पाव भागापर्यंत ठिपके असतील तर पेंड बरी. निम्म्या भागावर पसरले तर विचार करायला हवा. पाऊण भागाच्या वर लाल झालं तर ती अर्धवट भाजलेली आहे. पाच मिनिटांत एकही ठिपका आला नाही तर अर्धा तास थांबून पुन्हा बघायचं. तेव्हाही डिश कोरी राहिली तर पेंड बहुधा जास्त भाजली गेली आहे.

कोरी डिश बघून नवे लोक खूश होतात, म्हणून यावर मी जरा अडून बसते. जास्त भाजलेली पेंड अर्धवट भाजलेल्या पेंडीइतकीच वाईट असते. फाजील उष्णतेने लायसिन हे महत्त्वाचं अमिनो आम्ल साखरेशी जखडतं आणि पचनात सुटत नाही. केल्डालच्या आकड्यात ते तसंच मोजलं जातं, जनावराच्या अंगी मात्र लागत नाही. शिवाय युरिएज एकदा संपलं की संपलं. पेंड त्यानंतर आणखी किती करपली हे ठिपके सांगू शकत नाहीत. त्यासाठी पेंड ०.२ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये वीस मिनिटं ढवळून किती प्रथिनं विरघळली ते मोजावं लागतं. साधारण ७० ते ८५ टक्के विरघळली तर भाजणी ठीक. त्याहून जास्त म्हणजे कच्ची, कमी म्हणजे करपलेली. हे मात्र प्रयोगशाळेचं काम. माझं काम एवढंच की कोरी डिश दिसली की तो नमुना त्या चाचणीसाठी पाठवायचा.

ठिपक्यांची मांडणीही बोलते. सगळ्या थरावर सारखे विखुरलेले बारीक ठिपके आणि एकाच कोपऱ्यात दाटलेले मोठे ठिपके, यांचा अर्थ वेगळा. दुसऱ्या प्रकारात मला बहुधा चाळणीवर न भाजलेले डाळीचे तुकडे सापडतात, म्हणजे भाजलेल्या मालात कच्चा माल मिसळला आहे. आणि ज्या मिश्रणात जाणूनबुजून युरिया घालायचा असेल त्यात कच्चं सोयाबीन कधीच जाता कामा नये. डिशमध्ये जे होतं तेच ओलाव्यात पोत्यातही होतं, आणि पोतं उघडलं की अमोनिया नाकात शिरतो.

चाचण्या शिकताना सगळ्यात जास्त वेळ द्रावणांत गेला नाही, तो नमुना घेण्यात आणि तुलनेचे नमुने बनवण्यात गेला. पेट्री डिशमध्ये मावतो तो चिमूटभर माल, आणि निकाल लागतो तो अख्ख्या गाडीचा. वरच्या दोन पोत्यांतून मूठभर काढून केलेली चाचणी वरच्या दोन पोत्यांचीच असते. टोकदार पोकळ नळी पोत्यात तिरकी खुपसून तळापर्यंतचा माल काढते, गाडीच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या पोत्यांतून. सगळा एकत्र करून ढीग, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला, पुन्हा ढीग. हवा तेवढा नमुना उरेपर्यंत हेच. कंटाळवाणं काम आहे. ते टाळून केलेल्या चाचणीवर मी सही करत नाही.

तुलनेच्या नमुन्यांचं महत्त्व भाताच्या कोंड्याने शिकवलं. कोंड्यात दळलेलं तूस मिसळण्याची लबाडी जुनी आहे, कारण रंग जुळतो आणि वजन वाढतं. तुसात पचण्यासारखं फारसं काही नसतं. त्यात वीस टक्क्यांच्या आसपास राख असते आणि ती बहुतेक सिलिका. ते ओळखायला फ्लोरोग्लुसिनॉल वापरतात. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून कोंड्यावर सोडायचं आणि वर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब. लाकडासारख्या कठीण भागांत लिग्निन असतं, ते या दोघांमुळे लाल-जांभळं होतं. लाकडाचा भुसा मिसळला असेल तर तोही असाच रंगतो.

पण शुद्ध कोंडाही अगदी पांढरा राहत नाही. दाण्याच्या सालीचे आणि भात सडताना आलेल्या तुसाचे थोडे कण त्यात असतातच, ते गुलाबी होतात. मग 'किती लाल म्हणजे फार लाल' हे ठरवायचं कसं? सरांनी मला उत्तर सांगितलं नाही, एक दिवस बसून ते बनवायला लावलं. खात्रीचा कोंडा घेतला, खात्रीचं तूस त्याच चाळणीतून जाईल इतकं बारीक दळलं, आणि ५, १०, २० टक्के तूस असलेली मिश्रणं वजन करून बाटल्यांत भरली. आता संशयित कोंडा आला की थाळीच्या एका खळग्यात तो आणि शेजारच्या खळग्यांत ही मिश्रणं. सगळ्यांवर एकाच वेळी द्रावण. रंग डोळ्यांसमोर ओळीने उभे राहतात आणि 'दहाच्या वर, विसाच्या आत' असं जबाबदारीने म्हणता येतं. नेमका आकडा मी यातून कधीच सांगत नाही. तो तंतूंच्या आणि सिलिकाच्या विश्लेषणातून यायला हवा.

कोंड्याची दुसरी दुखरी बाजू म्हणजे खवटपणा. भात सडताना साल फुटली की कोंड्यातलं लायपेज विकर तेलाला भिडतं आणि मुक्त स्निग्धाम्लं वाढू लागतात. काही तासांतच फरक पडतो, म्हणून ताजा कोंडा उष्णता देऊन स्थिर करतात. याची चाचणी वजन करून, ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची खुणांची नळी, लावून करावी लागते. कोंड्यातून काढलेलं तेल उदासीन केलेल्या अल्कोहोलमध्ये घेऊन फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाच्या साक्षीने ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडायचं, गुलाबी रंग टिकेपर्यंत. लागलेले मिलि गुणिले नॉर्मलता गुणिले २८.२, भागिले तेलाचे ग्रॅम, म्हणजे ओलिक आम्लाच्या रूपात टक्केवारी. पहिल्यांदा ही रीत अवघड वाटते, पण हात बसला की पेंडीच्या डिशपेक्षाही मला ही जास्त आवडते, कारण इथे रंगाच्या अंदाजाऐवजी आकडा मिळतो.

खनिजांच्या चाचण्या झटपट होतात. चुनखडीच्या भुकटीवर निम्मं पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की ती फसफसून जवळजवळ सगळी विरघळते. तळाला राहिली ती वाळू. डायकॅल्शियम फॉस्फेट त्याच आम्लात फारसं न फसफसता विरघळलं पाहिजे. जोरात फसफसलं तर त्यात चुनखडी आहे, कारण चुनखडी स्वस्त आणि फॉस्फरस महाग. मासळीच्या भुकटीतलं मीठ सिल्व्हर नायट्रेटने कळतं. गाळलेल्या पाण्यात आधी नायट्रिक आम्लाचे थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट, की दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा साका पडतो. थोडं मीठ सगळ्याच मासळीत असतं, तेव्हा इथेही शेजारी खात्रीचा नमुना हवाच. ज्या पेंडींत पिष्ट (स्टार्च) नगण्य असतं, म्हणजे सोया किंवा सरकी, त्यांत धान्याचं पीठ मिसळलं असेल तर आयोडीनचा थेंब पडताच निळे-काळे कण दिसतात.

ज्वारीतलं टॅनिन, म्हणजे पचनात अडथळा आणणारा तुरट घटक, तपासण्याची रीत इतकी सोपी आहे की मी ती मालाची गाडी घेऊन आलेल्यांनाही करून दाखवते. कपडे पांढरे करायचं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण घ्यायचं, त्यात थोडा कॉस्टिक सोडा विरघळवायचा, आणि ज्वारीचे दाणे त्यात भिजवून पंधरा-वीस मिनिटं अधूनमधून हलवायचं. दाण्याचं बाहेरचं साल विरघळून जातं. ज्या जातींत आतला रंगीत, टॅनिनयुक्त थर असतो ते दाणे काळे पडतात, बाकीचे फिकट राहतात. मग शंभर दाण्यांत काळे किती ते मोजायचं. बाहेरून लालसर दिसणारी ज्वारी टॅनिनचीच असते असा समज असतो, तो या चाचणीत अनेकदा खोटा ठरतो. लाल दाणा फिकट निघतो. रंगावरून माल नाकारणाऱ्यांना हे दाखवताना मला फार बरं वाटतं, कारण एखाद्या शेतकऱ्याचा चांगला माल परत जायचा वाचतो. एवढंच की या बाटलीत आम्ल चुकूनही पडता कामा नये. क्लोरीन वायू सुटतो. आमच्या टेबलावर ती बाटली आम्लांच्या दुसऱ्या टोकाला असते.

जवसाची पेंड आणि कसावा यांच्यासाठी पिक्रेटची पट्टी वापरते. या दोहोंत लिनामारिन असतं, त्यापासून विकराच्या मदतीने हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. भरडलेला नमुना नळीत घ्यायचा, थोडं पाणी आणि क्लोरोफॉर्मचे दोन-तीन थेंब टाकायचे, आणि सोडियम पिक्रेटमध्ये भिजवलेली पिवळी पट्टी मालाला न टेकता आत लटकवून बूच लावायचं. कोमट जागी ठेवलं की सायनाइड असल्यास पट्टी नारिंगी आणि मग विटेसारखी तांबडी होते. पिक्रिक आम्ल कोरडं झालं तर स्फोटक असतं, म्हणून मी ते स्वतः साठवत नाही, जाणत्याकडून ओल्या पट्ट्या गरजेपुरत्या घेते.

या पट्टीचा एक फसवा बारकावा सांगायलाच हवा. पेंड गरम केलेली असली तर विकर मेलेलं असतं. मग लिनामारिन तसंच असूनही नळीत सायनाइड सुटत नाही आणि पट्टी पिवळी राहते. तांबडी पट्टी म्हणजे धोका नक्की, पण पिवळी पट्टी म्हणजे माल निर्दोष असं नाही. गरम केलेल्या मालाचा नमुना मी पूर्ण विश्लेषणासाठी पाठवतेच.

असंच बुरशीच्या विषाचं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, आणि कारण निघालं त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली बुरशीयुक्त शेंगदाणा पेंड. अफ्लाटॉक्सिनची ओळख त्यातून झाली. भरडलेला मका ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरला तर काही कणांवर झगझगीत हिरवट-पिवळी चमक दिसते. ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसते. तीच बुरशी कोजिक आम्ल तयार करते, त्यावर जिवंत दाण्यातल्या पेरॉक्सिडेज विकराची क्रिया होऊन ती चमक येते. म्हणजे इथे बुरशी येऊन गेली असावी, इतकाच त्याचा अर्थ. उष्णतेतून गेलेल्या पेंडीत तर या दिव्याचा भरवसा धरता येत नाही. दिवा बघून मी माल बाजूला काढते, पास करत नाही.

२००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे डबे मोठ्या प्रमाणावर परत मागवावे लागले. त्यातल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन निघालं होतं. मेलामाइनमध्ये सुमारे ६६ टक्के नत्र असतं, युरियाहूनही बरंच जास्त, आणि युरिएज त्याला शिवत नाही. माझ्या दोन नळ्यांच्या चाचणीत असा माल शांतपणे पिवळा राहील. हे कळल्यापासून प्रयोगशाळेला नमुना पाठवताना मी 'संपूर्ण विश्लेषण' एवढंच लिहून थांबत नाही. प्रश्न लिहून पाठवते. प्रथिनं अपेक्षेपेक्षा जास्त आणि युरियाची चाचणी कोरी असेल, तर अमोनियाचे क्षार आणि मेलामाइन बघा असं लिहिते, आणि एकूण नत्रापैकी खऱ्या प्रथिनांचं किती तेही वेगळं मागते.

थेंबांच्या चाचणीवर माल कायमचा नाकारायचा नाही, हा नियम मी सुरुवातीपासून पाळला आहे. चाचणीत काही दिसलं की गाडी थांबते, नमुन्याचे तीन भाग होतात, तिन्हींवर पुरवठादाराच्या माणसाची आणि माझी सही होते. एक प्रयोगशाळेत जातो, एक त्यांच्याकडे, एक माझ्या कपाटात. चाचणी त्या माणसाच्या समोर, जोडीच्या नळीसकट करते. पूर्वी यावर वाद होत. "रंग काय, कशानेही येतो" हे मी पुष्कळदा ऐकलं आहे आणि ते खरंही आहे. म्हणूनच शेजारी कोरी नळी असते, खात्रीचा माल असतो, मुद्दाम भेसळ केलेला माल असतो. तिघांच्या ओळीत चौथा कुठे बसतो हे ज्याचं त्याने बघावं. आवाज चढवण्याची वेळ मग फारशी येत नाही.

सोयापेंड पुरवणाऱ्या एका गिरणीने पाऊण डिश लाल झालेली बघून आधी बराच राग काढला, मग द्रावणाची कृती लिहून मागितली. मी कृतीबरोबर अर्धी बाटली तयार द्रावणही दिलं. त्यांच्याकडे पाळी बदलली की वाफेचा दाब बदलायचा आणि त्या वेळचा माल कच्चा राहायचा, हे त्यांना त्यांच्याच डिशमध्ये दिसलं. आता त्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर पाचव्या मिनिटाला काढलेला डिशचा फोटो आणि त्या वेळच्या भाजणीची नोंद येते. मी तरीही माझा नमुना काढते आणि माझी डिश लावते. दोन्हींत फरक पडला तर आधी द्रावणांच्या तारखा ताडून बघतो, आणि मग पेंडीबद्दल बोलतो.